जुन्या गाडीच्या क्लचमधली एअर कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापूस बाजारात न्यायचे दिवस आले की दर दोन दिवसाआड कोणी ना कोणी विचारतेच, भाऊ गियर पडून नाही राहिला, पेडल पार खाली चाललं, काय करू. गाड्या बहुतेक जुन्या, सुमो, क्वालिस, बोलेरो, ४०७, आणि चांगला मिस्त्री तालुक्याला. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवलं. मी स्वतः जुनी सुमो चालवतो आणि तिचं हे काम कित्येक वर्षांपासून घरच्या अंगणातच करतो. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत, एकात दुसऱ्याचं उत्तर असेल तिथे नंबर दिला आहे.

१. ब्लीडिंग अन् एअर काढणं एकच का? अन् थोडीशी हवा घुसली तर एवढं काय होते?

एकच. पेडल दाबलं की वरचा सिलेंडर, म्हणजे मास्टर, ऑइल ढकलतो, ते पाइपातून गियरबॉक्सजवळच्या खालच्या सिलेंडरमध्ये म्हणजे स्लेव्हमध्ये जाते, स्लेव्हचा पिस्टन रॉडला ढकलतो, रॉड फोर्कला, फोर्क बेअरिंगला, आणि तेव्हा क्लच प्लेट इंजिनपासून सुटते. ऑइल दबत नाही पण हवा दबते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा, दांडा अर्ध्यापर्यंत जातो आणि बोट जागचं हलत नाही, क्लचमध्ये नेमकं हेच होते. खालच्या रॉडला सरकायचं असते जेमतेम बोटाच्या पेराएवढं, त्यातलं अर्धं हवा दाबण्यातच गेलं तर प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गियर करकर करतो. ही हवा निप्पलमधून, म्हणजे स्लेव्हवरच्या छोट्या पोकळ स्क्रूमधून, बाहेर काढणं म्हणजे ब्लीडिंग.

२. माझ्या गाडीले हायड्रॉलिक क्लच आहे का केबलचा, हे कसं ओळखू?

बोनेट उघडा आणि क्लच पेडलच्या बरोबर समोर पत्र्यावर पाहा. तिथे छोटा सिलेंडर आणि त्याच्यावर किंवा जवळ ऑइलची डबी दिसली तर हायड्रॉलिक. काळी जाड केबल निघून खाली गियरबॉक्सकडे जात असेल तर केबलचा, त्यात एअर काढायचा प्रश्नच नाही, तिथे केबल ताणायची किंवा बदलायची. मारुती ८०० आणि ओम्नी केबलवाल्या आहेत, सुमो, क्वालिस, ४०७ हायड्रॉलिक. जुन्या ट्रॅक्टरांमध्ये बहुतेक नुसत्या लोखंडी रॉडवर क्लच चालतो, त्याला हे पान लागू नाही.

३. एअरच घुसली आहे का प्लेट गेली, फरक कसा समजन?

पेडल स्पंजासारखं नरम लागते, पहिल्या दाबात गियर पडत नाही पण भराभर दोन-चार वेळा दाबलं की पडतो, रिव्हर्स टाकताना करकर होते, तर एअर किंवा ऑइल कमी. पेडल चांगलं लागते पण चढावर इंजिन बोंबलते आणि गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तर ती प्लेट घसरून राहिली, तिथे एअर काढून काही उपयोग नाही. चिखलदऱ्याच्या घाटात भरलेली गाडी घेऊन गेलं की हा फरक लगेच समजतो. एक अपवाद आहे, उन्हाळ्यात घसरणारा क्लच, तो प्रश्न १३ मध्ये आहे.

४. ऑइल कोणतं टाकायचं? डॉट ३ अन् डॉट ४ मिक्स केलं तर चालते का?

क्लचमध्ये ब्रेक ऑइलच लागते, वेगळं क्लच ऑइल असं काही नसते. डबीच्या झाकणावर काय लिहिलं ते पाहा, जुन्या गाड्यांवर डॉट ३ किंवा डॉट ४ असते. दोन्ही ग्लायकॉलचे आहेत, एकमेकांत चालतात. डॉट ३ च्या जागी डॉट ४ टाकलं तरी बिघडत नाही, फक्त उलटं शक्यतो करू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असते, ते यांच्यात अजिबात टाकू नका (डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच).

या ऑइलचा सगळ्यात मोठा अवगुण म्हणजे ते हवेतली ओल ओढते. नवीन डॉट ३ किमान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की तेच १४० अंशावर येते, डॉट ४ चं २३० वरून १५५. उकळलं की वाफ होते आणि वाफ ही हवेसारखीच दबते. शिवाय त्या पाण्याने सिलेंडर आतून गंजतो. म्हणून मागच्या वर्षीची अर्धी उरलेली, झाकण ढिलं असलेली बाटली पावसाळाभर गोठ्यात राहिली असेल तर ती वापरू नका, छोटी सीलबंद बाटली आणा. दोन वर्षांतून एकदा सगळं ऑइल बदललं तर सिलेंडर लय दिवस टिकतात.

५. घाईघाईत डबीत इंजिन ऑइल टाकलं गेलं. आता?

सगळ्यात आधी, पेडल दाबू नका. जोपर्यंत ते फक्त डबीत आहे तोपर्यंत सिरिंजने ओढून काढता येते, मग डबी काढून स्वच्छ धुवायची. पेडल दाबून गाडी चालवली असेल तर ते आत गेलं, आणि आतले रबर ब्रेक ऑइलसाठी बनलेले असतात, इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल यातलं काहीही लागलं की ते फुगतात. फुगलेलं रबर परत पहिल्यासारखं होत नाही. मग वरच्या सिलेंडरचं किट (आतल्या रबरांचा संच), खालच्याचं किट, रबरी होज सगळं बदलायचं आणि लोखंडी पाइप स्पिरिटने धुऊन वाळवायचा. खर्चाचं काम आहे पण अर्धवट सोडलं तर दुप्पट लागते. याच कारणासाठी सिलेंडर खोलल्यावर रबर पेट्रोल-डिझेलमध्ये धुवायची सवय सोडा, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तसंच धुतात आणि मग नवीन किट महिन्यात गेलं म्हणून कंपनीला नावं ठेवतात. रबर फक्त ताज्या ब्रेक ऑइलने पुसायचं.

६. दोघं जण असले तर पूर्ण काम कसं करायचं, सुरुवातीपासून सांगा

सामान: नवीन ऑइल अर्धा लिटर (लागते पाव लिटरच्या आसपास, पण मध्येच संपलं तर सगळं पुन्हा करावं लागते), निप्पलच्या मापाचा रिंग पाना, बहुतेक ८, १० किंवा ११ नंबर, हातभर पारदर्शक नळी, पाण्याची रिकामी बाटली, फडकं, वायर ब्रश. नळीसाठी गवंडी लेव्हल पाहायला वापरतो ती नळी चालते, त्यातली सगळ्यात बारीक घ्या, निप्पलवर घट्ट बसली पाहिजे.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकाला मागून-पुढून दगड. बहुतेक जुन्या गाड्यांखाली उंचीमुळे तसंच सरकता येते. उचलावीच लागली तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड नसेल तर चाकाखाली मजबूत लाकडी ओंडके देऊन गाडी त्यावर उतरवा. काळ्या मातीत जॅक हळूच खचतो आणि ते खाली झोपलेल्याला समजत नाही. हे मी कोणाच्याही घाईपुढे सोडत नाही.

आता डबीचं झाकण उघडायच्या आधी आजूबाजूची धूळ ओल्या फडक्याने पुसा. डबीतलं जुनं काळं ऑइल सिरिंजने काढून नवीन भरा. खाली स्लेव्हवरचं निप्पल ब्रशने घासा, टोपी काढा, आधी रिंग पाना अडकवा, मग नळी बसवा, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोडं नवीन ऑइल टाकून त्यात बुडालेलं ठेवा.

मग वर बसलेला पेडल सावकाश पूर्ण दाबून धरतो आणि मोठ्याने सांगतो, "धरलं". खालचा निप्पल अर्धा-पाऊण आटा उघडतो, ऑइल आणि बुडबुडे येतात, लगेच बंद करतो आणि सांगतो, "सोड". तेव्हाच पेडल सोडायचं, सावकाश. निप्पल उघडं असताना पेडल सुटलं तर तीच हवा आत परत ओढली जाते, दोघांच्या बोलण्यात गडबड झाली की हमखास हेच होते, म्हणून शब्द आधीच ठरवून घ्या. पेडल भराभर मारू नका, त्याने ऑइलचा फेस होतो आणि बारीक बुडबुडे निघायला तास लागतो. दर पाच-सहा दाबांनी डबी पाहा. क्लचची डबी छोटी असते, ती रिकामी झाली की वरून नवीन हवा घुसते आणि केलेलं सगळं वाया.

नळीत स्वच्छ ऑइल येऊन बुडबुडा दिसेनासा झाला की अजून तीन-चार दाब मारा आणि निप्पल बंद करा, मनगटाच्या जोराने, पान्यावर लटकून नाही. टोपी लावा, डबी मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा.

एक गोष्ट ब्रेकवाल्यांना चकवते. ब्रेकमध्ये एअर निघाली की पेडल दगडासारखं होते, क्लचचं तसं होत नाही, तिथे समोर प्रेशर प्लेटची स्प्रिंग आहे, पेडल एकसारखं दाबत जाते. बरेच जण पेडल कडक व्हायची वाट पाहत बाटलीभर ऑइल वाया घालवतात. इंजिन चालू करून रिव्हर्स टाकून पाहा, गुपचूप पडला तर काम झालं.

सांडलेलं ऑइल पेंट खाते, लगेच भरपूर पाणी टाका. डोळ्यात गेलं तर तसंच, पाण्याने धूत राहा आणि दवाखान्यात जा. जुनं ऑइल बाटलीत बंद करून गॅरेजच्या जळक्या ऑइलसोबत द्या पण बाटलीवर लिहून, विहिरीजवळ किंवा गुरं बांधतात तिथे ओतू नका, जनावरांना ते विषारी आहे.

७. घरी मी एकटाच आहो, दुसरं कोणी नाही, मग कसं करू?

दोन रस्ते आहेत. पहिला, नुसतं वजनावर. डबी भरा, झाकण ढिलं ठेवा, नळी लावून निप्पल उघडा आणि थांबा, ऑइल आपोआप थेंब थेंब खाली येते आणि हवा घेऊन जाते. पंधरा-वीस मिनिटं लागतात, डबीवर लक्ष ठेवायचं. काही गाड्यांमध्ये हे झकास जमते, काहींमध्ये पाइपाचा वळसा उंच असतो, तिथे हवा अडकून राहते.

दुसरा रस्ता मला जास्त पटतो, खालून वर. हवा मुळातच वर जाते, मग तिला खाली कायला ढकलायचं? पन्नास मिलीची स्वच्छ कोरडी सिरिंज औषधाच्या दुकानातून आणा, नवीन ऑइल भरा, नळी लावून नळीतली हवा काढा, निप्पल उघडा आणि हळूहळू आत ढकला, वर डबीत बुडबुडे येताना दिसतात. आधी डबीतलं जुनं ऑइल कमी करून ठेवा नाहीतर वरून सांडते. आणि हो, फवारणीचं औषध मोजायची सिरिंज यासाठी वापरू नका, धुतलेली असली तरी नाही, आणि ही सिरिंज नंतर फवारणीला किंवा गुरांच्या इंजेक्शनला नेऊ नका.

८. निप्पल हलतच नाही, पाना घसरून राहिला

थांबा. फिक्स पान्याने जोर लावला की कोपरे गोल होतात आणि मग ते कशानेच निघत नाही. रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट घ्या, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी निप्पलवर हलक्या हातोडीने टकटक करा आणि आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवून मग सोडवा. कधी निप्पल निघते पण ऑइल येत नाही, त्याच्या तोंडात चिखल बसलेला असतो, पूर्ण काढून बारीक तारेने साफ करा. तुटलंच तर खालचा सिलेंडर नवीन घेणं परवडते.

९. पन्नास वेळा मारलं तरी बुडबुडे यायचे बंदच होत नाहीत

आधी पाहा निप्पल सिलेंडरच्या वरच्या बाजूला आहे का. स्लेव्ह उलटा बसवला गेला तर निप्पल खाली येते आणि हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते, ती जन्मभर निघणार नाही. दुसरं, निप्पल जास्त उघडलं तर त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा नळीत येते आणि आपल्याला वाटते आतून येऊन राहिली, सिरिंजने ओढून काढत असाल तर हमखास. अर्ध्या आट्यावर ठेवा. तिसरं, स्लेव्ह फोर्कपासून सोडवून, पाइप न काढता, निप्पल आकाशाकडे राहील असा धरा, रॉड हाताने पूर्ण आत दाबा आणि तसाच आवळून ठेवून एअर काढा, त्याने आतली जागाच कमी होते. स्लेव्ह सोडवलेला असताना रॉड न धरता कोणी पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर उडून पडतो, एवढं ध्यानात ठेवा.

एवढं करूनही येतच असतील तर हवा कुठून तरी रोज घुसते आहे, प्रश्न १० पाहा.

१०. एअर काढली, दोन दिवस मस्त चालली, पुन्हा तेच. किती वेळा काढायची?

या एका प्रश्नासाठी मी हे पान लिहायला घेतलं. बंद सिस्टिममध्ये हवा आपोआप येत नाही. जिथून हवा आत गेली तिथूनच ऑइल बाहेर येते, म्हणून डबी कमी झाली असेल तर ते ऑइल कुठे गेलं हे शोधल्याशिवाय परत परत एअर काढणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. सुरुवातीला मी पण एक सीझन दर आठवड्याला एअर काढत बसलो होतो, आणि लीक निघालं वरच्या सिलेंडरच्या मागे, जिथे कधी पाहिलंच नव्हतं.

तर पाहायचं कसं. गाडीत बसा, क्लच पेडल जिथे रॉडला जोडते तिथे बोट घालून पाहा, ओल लागली किंवा खालचं मॅटिंग चिकट असेल तर मास्टरचा रबर गेला. मग खाली जा, स्लेव्हचं रबरी बूट हळूच सरकवा, आत दोन थेंब ओल ठीक, पण ऑइल ओघळलं तर स्लेव्ह गेला. रबरी होज वाकवून पाहा, बारीक चिरा असतात. जोडांवर धूळ ओली होऊन काळा लेप बसलेला असेल तर तिथेच. आपल्या रस्त्यांवर धूळ एवढी असते की लीक तीच दाखवून देते, म्हणून तपासायच्या आधी गाडी वॉशिंगला नेऊ नका.

किट टाकताना सिलेंडरच्या आत बोट फिरवून पाहा. गंजाचे खड्डे लागले तर नवीन रबर तिथे घासून पुन्हा जाते, मग सिलेंडरच बदला.

११. लीक कुठेच नाही, डबी पण भरलेली. पण सिग्नलवर पेडल धरून ठेवलं की गाडी हळूहळू पुढे सरकते

मास्टरचा आतला कप गेला. ऑइल बाहेर पडत नाही, कपाच्या बाजूने परत डबीकडे निसटते, म्हणून डबी कमी होत नाही आणि सगळे चकतात. भराभर दाबलं की चालते, धरून ठेवलं की सुटते, ही त्याची ओळख. एअर काढून दोन दिवस बरं वाटेल पण किट किंवा मास्टर बदलावाच लागन.

१२. नवीन प्लेट टाकली अन् आठ दिवसात खालचा सिलेंडर गळायला लागला. मिस्त्रीनं काही केलं का?

बहुतेक वेळा मिस्त्रीचा दोष नसतो. जुनी प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा पिस्टन वर्षानुवर्षं सिलेंडरमध्ये आत आत जाऊन तिथेच काम करतो, आणि तोंडाजवळच्या भागात धूळ, गंज जमतो. नवीन प्लेट टाकली की पिस्टन एकदम बाहेरच्या भागात येतो, जुनं रबर त्या गंजावर घासते आणि फाटते. म्हणून जुन्या गाडीला प्लेट टाकताना खालच्या सिलेंडरचं किट सोबतच टाका.

१३. मे महिन्यात दुपारी क्लच घसरते, संध्याकाळी एकदम ठीक. हे काय?

प्रश्न ३ मध्ये म्हटलेला अपवाद तो हाच, आणि आपल्याच भागात जास्त दिसतो, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा. मास्टरमध्ये एक बारीक छिद्र असते, पेडल सोडल्यावर तापून फुगलेलं ऑइल त्यातून डबीत परत जाते. पेडलला फ्री प्लेच ठेवला नसेल, म्हणजे रॉड पिस्टनला सतत किंचित दाबून धरत असेल, तर ते छिद्र झाकलेलं राहते. मग इंजिनची आणि उन्हाची गरमी लागून फुगलेलं ऑइल जायला जागा नाही, ते स्लेव्हलाच ढकलते आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा होतो.

तपासायला सोपं, घसरत असताना गाडी बंद करून निप्पल क्षणभर उघडा. ऑइलची पिचकारी उडाली आणि मग क्लच बरोबर झाला तर दाब अडकला होता. पेडल बोटाने दाबून पाहा, सुरुवातीला थोडं अंतर मोकळं जायला पाहिजे, नसेल तर रॉडची चेकनट (रॉडची लांबी पक्की धरणारी नट) सोडून तेवढं ठेवा. तरीही दाब अडकत असेल तर ते छिद्र मातीने बुजलं आहे किंवा जुना होज आतून फुगून बंद झाला आहे.

१४. एअर नाही, लीक नाही, पेडल चांगलं. तरी गियर पडत नाही

एकाला पेडल दाबायला लावा आणि खाली स्लेव्हचा रॉड पाहा. रॉड पूर्ण सरकतो तर ऑइलचं काम बरोबर आहे, दोष पुढे आहे, फोर्कला चीर, बेअरिंग, प्रेशर प्लेट, त्यासाठी गियरबॉक्स उतरवावा लागतो. रॉड कमी सरकतो तर त्याच वेळी होजवर हात ठेवा, दाबताना फुगत असेल तर होज बदला.

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, चिकटलेली असू शकते, त्यात कितीही एअर काढा, प्लेट सुटत नाही.

१५. माझ्या गाडीत ब्रेक अन् क्लचची डबी एकच आहे. अन् खालचा सिलेंडर बाहेर दिसतच नाही

डबी एक असेल तर क्लचचा पाइप डबीच्या मधल्या उंचीवरून निघतो, म्हणून ऑइल अर्ध्यावर आलं की क्लच आधी जातो. ही सूचना समजा आणि ब्रेकचे जोड पण तपासा, ऑइल तिकडून पण गेलेलं असू शकते. सिलेंडर गियरबॉक्सच्या आत असेल तर निप्पल तेवढं बाहेर असते, एअर तशीच काढायची, पण तो गळायला लागला तर ऑइल आतमध्ये प्लेटवर उडते, तेव्हा घरी उघडू नका, गॅरेजलाच न्या.

१६. रस्त्यातच पेडल बसलं, गाव दहा किलोमीटर. आणता येते का?

आधी डबी पाहा, रिकामी असेल तर ऑइल भरून पेडल दहा-पंधरा वेळा मारा, कधी कधी गावापर्यंत पुरते. ब्रेक ऑइल नसेल तर दुसरं काही टाकू नका, प्रश्न ५ मध्ये सांगितलं तेच होते.

तेवढ्यानेही नाही झालं तर रिकामी गाडी, मोकळा रस्ता, समोर कोणी नाही हे पाहून, इंजिन बंद असताना दुसरा गियर टाकायचा आणि सेल्फ मारायचा, गाडी झटका देऊन चालू लागते. जड गाडी असेल तर पहिला. मग त्याच गियरमध्ये सावकाश चालत राहायचं. थांबायचं झालं तर आधीच न्यूट्रल करायचं, नाहीतर ब्रेक मारून इंजिन बंद पाडायचं. भरलेल्या गाडीत, बाजाराच्या दिवशी गर्दीत किंवा घाटात हे करू नका. कापूस भरलेला असेल तर दुसरी गाडी बोलवा, माल तिच्यात टाका आणि तुमची गाडी ओढून आणा.